सायटेशनचा हिशेब: काय करावे, काय टाळावे

मेडिकल कॉलेजात प्रमोशनला पेपर लागतात, हे एमडीच्या पहिल्या वर्षालाच कळते. पेपर कशासाठी लिहायचा, हे कळायला वेळ लागतो.

काय करावे

- आकडा कसा निघतो ते आधी समजून घ्या. एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला: किमान २० सायटेशन मिळालेले २० पेपर असले, तर एच २०. इम्पॅक्ट फॅक्टर मात्र जर्नलचा, मागच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी. तो आपल्या बायोडेटात मिरवणे म्हणजे सोसायटीचे सरासरी उत्पन्न आपला पगार म्हणून सांगणे.

- संदर्भ देण्याआधी मूळ पेपर वाचा, आणि तो मागे घेतलेला नाही ना, तेही बघा. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा १२ मुलांवरचा पेपर 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला, २०१० मध्ये मागे घेतला. त्याची सायटेशन भरपूर आहेत, त्यांतली बरीच त्याला खोडून काढणारी. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच.

- लेखकांचा क्रम काम सुरू होण्याआधी लिहून ठेवा. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने प्रमोशनसाठी पहिल्या दोन लेखकांचेच पेपर धरायचे ठरवले. तिसऱ्या नावाची किंमत तेव्हा एका परिपत्रकाने गेली. विभागातली भांडणे अशा नियमांतूनच सुरू होतात.

- औषधाचा उपयोग झाला नाही, तरी निकाल छापा. सायटेशन कमी मिळतील, मिळू देत.

काय टाळावे

- एका प्रबंधाचे चार पेपर. पुढे कुणी मेटा-अ‍ॅनालिसिस केले, की तेच पेशंट दोनदा मोजले जातात.

- रिव्ह्यूअर म्हणून 'हे पेपरही उद्धृत करावेत' असे सुचवून स्वतःचीच यादी जोडणे.

- टोळी. ब्राझीलमध्ये सरकारी संस्था इम्पॅक्ट फॅक्टरवरून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना श्रेणी देत असे, म्हणून चांगले पेपर देशी जर्नल्सकडे येईनात. मग चार वैद्यकीय जर्नल्सनी एकमेकांचे संदर्भ देऊन आकडा फुगवला. २०१३ मध्ये, तेव्हा हे आकडे काढणाऱ्या थॉमसन रॉयटर्सने त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर रोखले. अडचण खरी होती, उपाय खोटा.

- सरांचे नाव 'रीत म्हणून' घालणे.

- 'आठ दिवसांत छापून देतो' म्हणणाऱ्या मेलला उत्तर.

आणि कधी निवड समितीवर बसलात, तर उमेदवाराला एच-इंडेक्स विचारू नका. त्याचा एक पेपर मागवा आणि मुलाखतीआधी वाचून जा.