जात्यंध आणि हत्ती : एका दृष्टांताचा व्यवहारातील उपयोग

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात जसे सूत्र आहे, तसाच दृष्टांतही आहे. केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त असे 114 दृष्टांत संकलित केले. त्यांची मांडणी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशा तीन अंगांची आहे. सूत्र सिद्धांत सांगते, दृष्टांत तो डोळ्यांपुढे उभा करतो आणि दार्ष्टांतिक त्या दोहोंचा सांधा जुळवून देते. दृष्टांतांची सामग्री लोकजीवनातील असल्याने नित्याच्या अडचणींत गुंतलेल्या वासनिकालाही त्यांतून दृष्टी लाभते.

हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात. पाय हाती आलेला हत्तीला खांबासारखा म्हणतो, कान लागलेला सुपासारखा, तर शेपूट लागलेला खराट्यासारखा म्हणतो. डोळस मात्र सगळा हत्ती पाहतो. येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे ध्यानी घ्यावी. आंधळ्यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाचा अनुभव खरा आहे. ‘हत्ती असाच’ हा निश्चय तेवढा चुकीचा आहे. दोष हाताचा नसून त्या ‘च’चा आहे.

दोन भावांच्या वाटणीचा प्रसंग घ्यावा. थोरला म्हणतो, “वडिलांच्या मागे कर्ज मी फेडले, विहीर मी खोदली.” धाकटा म्हणतो, “आईचे दुखणे मी काढले आणि कोरडवाहू तुकडा माझ्याच वाट्याला.” दोघेही खरे बोलतात, म्हणूनच वाद मिटत नाही. खोटे बोलणारा केव्हातरी वरमतो. अर्धे खरे बोलणारा वरमत नाही. पंच बसतात, मोजणी होते, बांध पडतो आणि आई दोन्ही घरांत पाहुणी होऊन राहते.

अशा वेळी दृष्टांत वाचणारा बहुधा स्वतःला डोळसाच्या जागी बसवतो आणि भावाला आंधळ्यांत मोजतो. तेथेच दृष्टांत वाया जातो. वाचणाऱ्याने आधी स्वतःस जात्यंधांत मोजावे. मग ‘भाऊ असे का बोलतो?’ या प्रश्नाच्या जागी ‘माझ्या हाताला न लागलेले असे काय भावाच्या हाताला लागले?’ हा प्रश्न उभा राहतो. तो थोरल्याने स्वतःस विचारला, तर आईच्या उशाशी धाकट्याने जागून काढलेल्या रात्री त्याला दिसतील. धाकट्याने विचारला, तर सावकाराच्या दारात थोरल्याने सोसलेला अपमान त्याला कळेल.

यावरून सर्व मते सारखीच, असा अर्थ मात्र काढू नये. खांब, सूप व खराटा एकत्र बांधल्याने हत्ती होत नाही, डोळस हवाच. दार्ष्टांतिकाचा मूळ विषय परमेश्वराचे ज्ञान हा आहे, घरची वाटणी नव्हे. व्यवहारातील उपयोग हे आनुषंगिक फळ होय. तथापि चार एकरांच्या वादात ज्याला आपले आंधळेपण मान्य करवत नाही, तो परमेश्वरस्वरूपाविषयी ते कसे मान्य करील? म्हणून या दृष्टांताचा अभ्यास आपल्या ओसरीपासूनच आरंभावा.