दोन तारांची साक्ष

पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. विमानाच्या पिस्टन-एंजिनातून बाहेर पडणारा वायू तर ७०० अंशांहूनही तप्त असतो. मग त्याचे तापमान मोजावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर थॉमस झेबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१ सालच्या प्रयोगात दडलेले होते. दोन भिन्न धातूंची टोके जोडून त्यांतील एक सांधा तापविला, की जवळची चुंबकसूची हलते, असे त्यास आढळले. तापलेल्या सांध्यामुळे विजेचा प्रवाह वाहतो, हे पुढे उमगले.

अमेरिकेत हौसेने घरी विमाने बांधणाऱ्यांची संस्था १९५३ साली स्थापन झाली. अशा हौशी कारागिरांपैकी काही जण हे उपकरणही स्वहस्ते घडवितात. क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या मिश्रधातूंच्या तारांची टोके वितळवून जोडावयाची, उरलेल्या तारांवर चिनी मातीचे मणी ओवावयाचे आणि ही जोडी पोलादी नळीतून धुराच्या नळात बसवावयाची. अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका अल्प विद्युत्-दाब मिळतो.

हवेच्या मानाने इंधन कमी करीत गेले, की हे तापमान प्रथम चढते, शिखर गाठते व नंतर उतरते. त्यावरून वैमानिक इंधन बेताने वापरतो. काटा खोटे बोलला, तर एंजिनास अपाय होतो. म्हणून आधी एक सांधा वितळत्या बर्फात व दुसरा उकळत्या पाण्यात ठेवून पाहतात. सुमारे ४.१ मिलिव्होल्ट दाब मिळाला, तरच तारांची साक्ष खरी. आपल्या हातची वस्तूही पारखूनच वापरावी, यातच खऱ्या कारागिराचे शहाणपण आहे.