तबेल्यातील घोड्यांच्या पायांची सूज आणि चुंबकी बूट

दिवसातील बहुतेक तास तबेल्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायांच्या खालच्या भागात, विशेषतः मागच्या दोन्ही पायांत, रात्रभरात जी सूज जमा होते ती बहुधा थंड, मऊ व वेदनारहित असते. तिच्यावर बोट दाबून धरल्यास क्षणभर खळगा राहतो आणि घोड्याला वीस-तीस मिनिटे चालवल्यावर ती बरीचशी ओसरते. याच सुजेवर उपाय म्हणून चुंबकी बूट विकले जातात. निओप्रिनसारख्या जाड कापडाचे हे आवरण वेल्क्रोच्या पट्ट्यांनी पायाच्या नळीभोवती बांधतात आणि त्याच्या अस्तरात लहान-लहान कायमचुंबक बसवलेले असतात. चुंबकामुळे रक्ताभिसरण वाढून सूज उतरते, हा त्यामागचा दावा होय. तो तपासण्यापूर्वी सूज मुळात का येते हे समजून घेतले पाहिजे, कारण उपायाची पारख कारणावरूनच होते.

घोड्याच्या पुढच्या पायातील ज्या सांध्याला व्यवहारात गुडघा म्हणतात तो शरीररचनेच्या दृष्टीने माणसाच्या मनगटाशी जुळतो आणि मागच्या पायातील टोकदार सांधा माणसाच्या घोट्याशी व टाचेशी जुळतो. म्हणजे घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. या सांध्यांच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. तेथे हाडे, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या म्हणजे कंडरा, रक्तवाहिन्या व कातडी एवढेच असते. माणूस चालतो तेव्हा त्याच्या पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात ही सोय नसल्यामुळे ते काम मुख्यतः खुराकडे येते. पाऊल जमिनीवर पडताच खुराच्या आतील लवचिक गादी व तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग दाबले जातात, खुराभोवतीच्या नीलांच्या, म्हणजे अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्यातील रक्त वर जाते आणि पाऊल उचलताच ते जाळे पुन्हा भरते.

रक्ताबरोबर आणखी एक द्रव विचारात घ्यावा लागतो. अतिसूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील पाणी व थोडी प्रथिने सतत ऊतींमध्ये झिरपत असतात. हा द्रव, ज्याला लसीका म्हणतात, झडपा असलेल्या पातळ लसीकावाहिन्यांतून पुन्हा रक्तात पोहोचवायचा असतो, आणि खुरापासून छातीपर्यंतची ही चढण सांध्यांच्या व कंडरांच्या हालचालीच्या आधारावरच नीट पार पडते. घोडा उभ्याउभ्या झोपू शकतो, परंतु उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. हालचाल थांबली की झिरपणे चालू राहते, परतीचा प्रवाह मंदावतो आणि द्रव खालच्या भागात साचतो. ही तक्रार हालचालीच्या अभावाची आहे आणि तिच्यावरचा कोणताही उपाय या एका मुद्द्यावर तपासावा लागतो.

चुंबक रक्तातील लोहाला ओढतो, ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आणि सर्वांत कमी टिकणारी आहे. रक्तातील लोह खिळ्यातील लोखंडासारखे नसून हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या रेणूंत एकेका अणूच्या रूपाने बांधलेले असते. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडून किंचित दूर ढकलले जाते आणि ऑक्सिजन सोडलेले किंचित ओढले जाते, हे लिनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ सालीच दाखवले होते. दोन्ही परिणाम इतके क्षीण आहेत की वाहत्या रक्तापुढे ते नगण्य ठरतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र सामान्यतः १.५ टेस्ला, म्हणजे १५,००० गॉस असते आणि त्यात पडून राहिलेल्या रुग्णाचे हातपाय लाल होत नाहीत की त्यांच्यातील रक्तप्रवाह वाढत नाही. बुटांतील चुंबक त्याहून कितीतरी दुबळे असतात. शिवाय लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे अस्तर, केस व कातडी ओलांडून आत पोहोचणारा प्रभाव अत्यल्प उरतो.

प्रत्यक्ष घोड्यांवरील चाचण्याही याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांच्या पुढच्या पायाच्या नळीवर चुंबकी पट्टा बांधून किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने रक्तप्रवाह मोजला गेला, तेव्हा चुंबकाचा कोणताही परिणाम आढळला नाही. स्वीडनमध्ये चुंबकी झुलीवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पाठीच्या स्नायूंतील रक्तप्रवाह, त्वचेचे तापमान व स्नायूंचा ताण यांत फरक दिसला नाही. येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा. विजेवर चालणारी, स्पंदनांनी बदलत राहणारे चुंबकक्षेत्र निर्माण करणारी उपकरणे ही वेगळी गोष्ट आहे. बदलते क्षेत्र ऊतींत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते आणि न जुळणाऱ्या हाडांसाठी माणसांत अशा उपकरणांना अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. त्या उपकरणांच्या नावावर स्थिर चुंबकाची जाहिरात करणे योग्य नाही.

तरीही बूट बांधल्यावर सकाळी पाय सडसडीत दिसतात, हा अनेक घोडेमालकांचा अनुभव खोटा म्हणता येत नाही. जाड आवरणाने पायावर समान दाब पडतो आणि ऊब टिकते. बाहेरून मिळणाऱ्या या दाबामुळे द्रवाला साचण्यास जागा कमी राहते. हे श्रेय चुंबकाचे नसून आवरणाचे आहे, आणि तेच काम कापसाची वा गादीपट्टीची जाड घडी देऊन तिच्यावर सारख्या ताणाने बांधलेली साधी पट्टी तितक्याच चांगल्या रीतीने व फार कमी खर्चात करते. मात्र घडी न देता आवळलेली पट्टी कंडरेला इजा करू शकते, एका पट्ट्याचा काच दुसऱ्याहून जास्त झाल्यास कातडी मरू शकते, आणि पुणे-मुंबईच्या दमट उकाड्यात निओप्रिनखाली घाम साचून त्वचेचा दाह होतो. म्हणून बूट असोत वा पट्टी, ती रोज दोनदा सोडून पाय कोरडा करावा व हाताने चाचपून पाहावा.

मूळ उपाय साधा आहे आणि तो मोतद्दाराच्या हातात आहे. घोड्याला दिवसातून दोन-तीन वेळा चालवावे, शक्य असेल तेथे मोकळ्या आवारात सोडावे, विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करून गवत वाढवावे आणि पिण्याचे पाणी सतत समोर ठेवावे. शर्यतीच्या वा खेळाच्या घोड्यांना मोकळे आवार नेहमी मिळत नाही, हे खरे. तेथे हाताने धरून चालवण्याच्या फेऱ्या वाढवाव्यात.

यापुढील भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण चुंबकी बुटांचा खरा धोका चुंबकात नसून त्यांच्यामुळे गमावल्या जाणाऱ्या वेळात आहे. सूज एकाच पायाला असेल, तो पाय गरम व दुखरा असेल आणि घोडा लंगडत असेल, तर कातडीखालील जंतुसंसर्ग, लसीकावाहिन्यांचा दाह किंवा कंडरेची इजा संभवते. चारही पायांना सूज असून पोटाखालीही ती उतरली असेल, घोडा खंगत असेल व ताप येऊन-जाऊन राहत असेल, तर सर्रा या रोगाचा विचार करावा लागतो. चावऱ्या माश्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तत्कालीन हिंदुस्थानातील घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात प्रथम पाहिला होता. पायाच्या लसीकावाहिन्यांच्या रेषेत गाठी येऊन फुटत असतील, तर ग्लँडर्सची शंका घेऊन घोडा तत्काळ वेगळा करावा. २००६ साली महाराष्ट्रात पुन्हा आढळलेला हा रोग माणसालाही होतो आणि त्याची सूचना शासकीय पशुवैद्यकांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. यकृताचे वा हृदयाचे विकार आणि रक्तातील प्रथिनांची कमतरता यांतही पाय सुजतात, व ती सूज चालवून पुरती उतरत नाही.

म्हणून प्रत्येक तबेल्यात बुटांच्या आधी एक तापमापक असावा. निरोगी प्रौढ घोड्याचे गुदद्वारातून घेतलेले तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. पाय सुजलेल्या घोड्याचे तापमान यापेक्षा वर गेलेले आढळल्यास, किंवा अर्धा तास चालवूनही सूज कमी न झाल्यास, पायावर काहीही न बांधता त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.