खचलेले मूल आणि प्रेषितांचा आदर्श

शाळेत जाणारे मूल अबोल होते, रात्री झोपत नाही, सकाळी शाळेचे नाव काढताच त्याचे पोट दुखू लागते. अशा वेळी अनेक घरांत एकच निदान होते: याचा ईमान दुर्बल झाला आहे. नमाज मनाला बळ देते, यात शंका नाही. परंतु दुःखालाच ईमानाची उणीव ठरविणे इस्लामी शिकवणुकीस धरून नाही.

सूरह यूसुफ पाहा. पुत्रवियोगाच्या शोकाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडले. ते अल्लाहचे पैगंबर होते. त्यांनी सब्र सोडला नव्हता, आशाही सोडली नव्हती. तरीही ते दुःखी होते. अर्थात सब्र आणि अश्रू एकाच हृदयात राहू शकतात.

हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याने एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला. मूल उदास दिसताच आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्याकडे त्या पक्ष्याची चौकशी केली. मोठ्यांना जे क्षुल्लक वाटते, ते मुलासाठी क्षुल्लक नसते. वर्गमित्रांची चेष्टा, कमी गुण, तुटलेली मैत्री यांकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

शिक्षकांसाठीही येथे आदर्श आहे. नव्यानेच इस्लाम स्वीकारलेले हजरत मुआविया बिन हकम (रजि.) नमाजमध्ये अजाणतेपणी बोलले. लोकांनी डोळे वटारले. प्रेषितांनी मात्र त्यांना ना दटावले, ना मारले, ना अपशब्द वापरले. केवळ समजावून सांगितले. असा उत्तम शिक्षक आपण कधी पाहिला नाही, अशी साक्ष त्यांनी दिली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 17 विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई करते. हे कलम शाळेइतकेच मदरशातील उस्तादांनीही मनावर घ्यावे.

उपचार करावेत काय, असे विचारले असता प्रेषितांनी उपचार करण्यास सांगितले. वार्धक्य वगळता प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले आहे, अशी शिकवण दिली. मनाचा आजार याला अपवाद नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

1. आधी ऐकावे, उपदेश नंतर करावा.

2. भावंडांशी किंवा शेजारच्या मुलांशी तुलना करू नये.

3. उदासी, निद्रानाश किंवा शाळेची भीती दोन आठवडे टिकली, तर वर्गशिक्षकांशी बोलावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

4. मुलाने मरणाची भाषा केल्यास त्याला रागावू नये, एकटे सोडू नये व त्वरित मदत घ्यावी. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास नि:शुल्क उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

संतती ही अल्लाहची अमानत आहे. तिच्या शरीराप्रमाणेच तिच्या मनाविषयीही आपल्याला जाब द्यावा लागेल. अल्लाह आपल्या मुलांची मने शांत ठेवो आणि आपल्याला त्यांचे ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.