फोटोतला हात, चित्रातला हात

जेजुरीला सोमवतीच्या गर्दीत एका आजोबांचा फोटो मी मोबाईलवर अगदी जवळून काढला होता. भंडारा उधळायला पुढे केलेली ओंजळ, मागे गडाच्या पायऱ्या. पुढे तेच आजोबा एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसले. चित्र डिजिटल, डावं-उजवं उलटवलेलं, पागोट्याचा रंग बदललेला. तरी ओळख लगेच पटली, कारण ओंजळ चेहऱ्याहून मोठी होती. अगदी जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते. फोटोत ते खपतं. चित्रकाराने मात्र फोटोतला तो दोषही इमानाने गिरवला होता. हात चांगला असलेला मुलगा, म्हणून जास्त वाईट वाटलं. विचारलं असतं, तर दुसऱ्या कोनांतले फोटोही दिले असते.

फोटो उलटवला की आपला झाला, हा समज फार पसरलाय. जिंगना झांग या छायाचित्रकार बाईंच्या फोटोवरून लक्झेंबर्गमध्ये एकाने असंच उलटवून चित्र केलं आणि बक्षीसही मिळवलं. खालच्या कोर्टात त्या हरल्या, पण मे २०२४ मध्ये अपिलात जिंकल्या. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पिंटरेस्टवर सापडलेला फोटो बेवारशी नसतो.

रेफरन्सला फोटो मात्र हवाच. त्याच्याविना हात, घोडे, कापडाच्या चुण्या साचेबंद होतात. फक्त तो उशिरा उघडा. आधी अंगठ्याएवढ्या कच्च्या रेखाटनांत रचना ठरवा, मग प्युअररेफसारख्या फोटो मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच हाताचे निरनिराळे कोन शेजारी लावा. चेहरा हवा असेल तर घरातल्या कुणाला खिडकीशी बसवा, दोन-अडीच मीटर मागे सरका आणि झूम करून फोटो घ्या. जवळून नाक फुगतं, कान मागे पळतात. रंग आयड्रॉपरने उचलू नका. फोटोत भंडाऱ्याची सावली बहुधा मळकट उतरते, उन्हात डोळ्यांना तिच्यात केशरी झाक दिसते.

जुने दागिने, वस्त्रं हवी असतील, तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो वापरायला खुले केलेत. विकिमीडिया कॉमन्सवर मात्र प्रत्येक फोटोखालचा परवाना वाचा. अनेक ठिकाणी नाव देणं बंधनकारक असतं.

एखादा फोटो जसाच्या तसा हवा असेल, तर छायाचित्रकाराची परवानगी ईमेलवर घ्या. चित्र मुखपृष्ठावर जाणार की फक्त इन्स्टाग्रामवर, तेही त्यात लिहा, आणि तो ईमेल चित्राच्या मूळ फाईलशेजारीच ठेवा.