गांडूळ खत, घरची परसबाग आणि मे महिन्याची सुटी

प्राथमिक शाळेच्या आवारात बाग असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. त्यातून जो अभ्यासक्रम तयार झाला त्यात शेती व भाजीपाला-फळबाग यांना मूलोद्योगाचे स्थान मिळाले. आज दुपारच्या पोषण आहारामुळे या विचारास प्रत्यक्ष गरजेची जोड मिळाली आहे. शाळेच्या वाफ्यातील मेथी, पालक, शेवगा, कढीपत्ता मुलांच्या ताटात पडतो आणि भाजीची देठे, साली परत बागेकडे जाऊ शकतात. हे चक्र पुरे करणारा सेवक म्हणजे गांडूळ होय.

तथापि शाळाभेटीच्या वेळी एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. जानेवारीत ज्या कुंडीत गांडुळे वळवळताना दिसतात, तीच जूनमध्ये उघडून पाहिली असता कोरड्या भुशाखेरीज हाती काही लागत नाही. यात कोणाचा आळस नसतो. मे महिन्यात शाळा बंद, पाणी घालणारे हात घरी, आणि ऊन तर कडक! नव्या वर्षी पुन्हा गांडुळे विकत आणावी लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो उत्साहही मावळतो. म्हणून प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे की, शाळेतील कुंडी ही खताची कोठी न मानता रोपवाटिका मानावी. तेथे गांडुळे वाढवावीत आणि सुटीपूर्वी ती मुलांच्या घरच्या परसबागेत पोहोचवावीत.

१. गांडूळ काय काम करते?

गांडुळास डोळे नाहीत, दात नाहीत, फुप्फुसेही नाहीत. ते ओल्या त्वचेतून श्वास घेते. त्वचा सुकली की ते गुदमरते, आणि पाणी तुंबून हवा कोंडली तरी त्याचा जीव धोक्यात येतो. कुंडीत ओल हवी पण चिखल नको, हा नियम येथूनच निघतो. कुजू लागलेला पाला ते गिळते, पोटातील पेषणीत बारीक खड्यांच्या साह्याने दळते आणि दाणेदार विष्ठेच्या रूपाने बाहेर टाकते. ही विष्ठा म्हणजेच गांडूळ खत.

या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्याकडे चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने चार तपांहून थोडा कमी काळ लक्ष दिले. १८३७ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे त्याने या विषयावर पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडातील अनेक ठिकाणी एका एकरात दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते, असा हिशेब त्याने मांडला. घरात कुंडीमध्ये गांडुळे पाळून, त्यांच्यापुढे वाद्ये वाजवून, त्यांना ऐकू येते की नाही हेही त्याने पाहिले. आवाजाने ती हलली नाहीत. कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजविला तेव्हा मात्र कंपनाने बिळात शिरली. साध्या वस्तूंनी केलेले असे प्रयोग आपल्या शाळेतही करता येण्याजोगे आहेत.

सर्व गांडुळे खतासाठी उपयोगी पडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. शेतात नांगरताना दिसणारी गांडुळे खोल मातीत राहतात व मुख्यतः मातीच खातात. ती कुंडीत टिकत नाहीत. खतासाठी पृष्ठभागावरील कुजणाऱ्या थरात राहणारी जात लागते. आपल्याकडे आयसेनिया फेटिडा व युड्रिलस युजेनी या दोन जाती अधिक वापरल्या जातात. पहिलीस थंडी सोसते, दुसरीस उबदार हवा मानवते. पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस ही आपल्या देशातील जातही या कामी उपयोगी पडते.

२. खतापासून काय मिळते?

या विषयात अतिशयोक्ती फार होते; मुलांना आपण खरे तेच सांगावे. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते. शंभर किलो चांगल्या गांडूळ खतात ते सामान्यतः एक ते दोन किलोच भरते. तेव्हा नुसत्या नत्राच्या तुलनेत गांडूळ खत कमीच पडेल. त्याचे महत्त्व निराळे आहे. त्याने माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, त्यात उपयुक्त सूक्ष्म जीव वाढतात आणि अन्नद्रव्ये मुळांना सावकाश मिळत राहतात. ज्या घरी भांडी धुतलेल्या पाण्यावर वांग्याची चार झाडे जगवावयाची आहेत, तेथे ओल धरणारी माती हाच मोठा लाभ होय. शिवाय परसबागेस खत लागतेच किती? प्रत्येक झाडास महिन्या-दीड महिन्यातून मूठ-दोन मुठी पुरे. तेवढे एका फुटक्या माठातही तयार होते.

३. कुंडी भरण्याची रीत

जागा सावलीची व थोडी उंच असावी. सुमारे तीन फूट रुंद व दीड फूट उंच वाफा विटांनी बांधावा. लांबी सोयीप्रमाणे ठेवावी. तळाशी विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पालापाचोळा आणि त्यावर दहा-पंधरा दिवस मुरलेले शेण पसरावे. ताजे शेण घालू नये. ते तापते व गांडुळे मरतात. हा थर ओला करून हात घालून पाहावा. थंड लागला तरच गांडुळे सोडावीत. वर ओले गोणपाट झाकावे. त्याने ओल टिकते, अंधार राहतो आणि कोंबड्या व पक्षी यांपासून रक्षण होते.

ओल पाहण्याची खूण सोपी आहे. मूठभर खत घट्ट दाबले असता एक-दोन थेंब पाणी यावे. धार लागली तर पाणी जास्त झाले, हात कोरडा राहिला तर कमी पडले. शिजलेली खिचडी, तेल, मीठ, मसाला, लिंबाच्या साली कुंडीत टाकू नयेत. दोन-तीन महिन्यांत वरचा थर चहाच्या पुडीसारखा दाणेदार व काळसर होतो. मग तीन-चार दिवस पाणी थांबवावे, खताचा ढीग उजेडात करावा. गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत अलगद काढून घेता येते.

४. आपल्या जिल्ह्यातील विशेष काळजी

नाशिक जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्यात कुंडीत पाणी साचण्याचे भय असते. तेथे वाफा उंचावर असावा, तळाशी निचऱ्याची भोके ठेवावीत आणि वर छप्पर घालावे. येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर या भागांत पाण्याचा तुटवडा व ऊन हीच अडचण; तेथे मोठ्या वाफ्यापेक्षा लहान, पूर्ण झाकलेली कुंडी बरी. निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीत गोणपाटाचा आणखी एक पदर द्यावा.

दोन स्थानिक पदार्थांबाबत सावध राहावे. लासलगावच्या परिसरात कांद्याची पात व साल विपुल मिळते. परंतु ती थेट कुंडीत ओतल्यास गांडुळे दूर पळतात. ती निराळ्या खड्ड्यात कुजवून मग थोडी थोडी घालावी. द्राक्षबागेत छाटणीनंतर पाला भरपूर पडतो. पण त्यावर मोरचुदाची वा अन्य औषधांची फवारणी झालेली असते. तांबे गांडुळांना घातक आहे. म्हणून बागेतील पाला शाळेत आणू नये.

५. सुटीची योजना

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कुंडी रिकामी करावी. ज्यांच्या घरी शेण मिळते व सावली आहे, असे आठ-दहा विद्यार्थी निवडावेत. प्रत्येकाने फुटका माठ, जुने घमेले किंवा तळाशी भोके पाडलेली बादली आणावी. तिच्यात अर्धवट कुजलेले शेण भरून वर ओंजळभर गांडुळे त्यांच्या खतासह घालावीत. गांडुळांची अंडी असलेले पिवळसर, लिंबाच्या आकाराचे इवलेसे कोशही त्या खतात येतातच. घरी हे भांडे पाण्याच्या रांजणाजवळ, सावलीत ठेवावे. रोज ओल पाहावी व गरजेपुरते पाणी शिंपडावे. साबणाचे पाणी मात्र टाळावे.

सुरगाणा, पेठ या भागांतील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात. अशा मुलांस वगळू नये. त्यांचे भांडे शेजारच्या घरी ठेवून परतल्यावर त्यांच्या स्वाधीन करावे. भांडी अनेक घरी विखुरलेली असल्याने चार ठिकाणी गांडुळे मेली तरी दोन ठिकाणी जगतातच. जूनमध्ये प्रत्येकाने ओंजळभर गांडुळे शाळेत परत आणावीत व उरलेली घरच्या परसबागेसाठी ठेवावीत. कोणाकडे ती जगली, कोणाकडे नाही आणि का, याची नोंद वर्गाच्या वहीत करावी. मेलेल्या गांडुळांबद्दल कोणासही बोल लावू नये; कारण शोधणे हाच त्यातील पाठ आहे.

६. वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) गांडूळ अंधारात का राहते? खोक्याचा अर्धा भाग झाकून व अर्धा उघडा ठेवून पाहा.
(२) गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळे होतात काय? होत नाहीत. डोक्याकडील भागास कधी कधी शेपटी पुन्हा फुटते, शेपटीकडील भाग मरतो. हा प्रयोग करू नये. ऐकीव समजूत चर्चेने दूर करावी.
(३) दोन कुंड्यांत मेथी पेरा, एकीत नुसती माती, दुसरीत माती व गांडूळ खत. दोहोंस सारखेच पाणी द्या. कोणती माती आधी सुकली?
(४) शंभर किलो गांडूळ खतात दीड किलो नत्र असेल, तर वीस किलोत किती?

शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेतील वाफा तपासणीच्या दिवशी हिरवागार दिसावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु या उपक्रमाचे खरे मोजमाप गावात शिरल्यावर व्हावे. शाळेतून गेलेल्या ओंजळभर गांडुळांमुळे किती घरांच्या मागील दारी पालक-मेथी उगवली आणि त्या घरचे मूल आपल्या आईला ‘एवढे पाणी नको, मूठ दाबून पाहा’ असे सांगू लागले, हे पाहावे. तेवढे साधले की पुढील उन्हाळ्यात शाळेस गांडुळे विकत आणावी लागणार नाहीत. गावच ती शाळेस देईल.