भांडी धुण्याच्या यंत्रातील गळती

जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन स्त्रीने १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. भांड्यांवर पाण्याचे जोरदार फवारे मारावयाचे, हे तिच्या यंत्राचे तत्त्व आजच्या डिशवॉशरमध्येही कायम आहे. अशा यंत्राखाली पाणी साचलेले दिसल्यास काय करावे?

पाणी व वीज एकत्र आल्यास प्राणावर बेतते. म्हणून ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्रास स्पर्श करू नये. वडील मंडळींकडून वीज व पाण्याचा नळ बंद करवून घ्यावा आणि जमीन कोरडी करावी. नंतर त्यांच्या देखत यंत्र पुन्हा चालवून, पाणी कोठून व केव्हा गळते हे दुरूनच पाहावे.

पाणी दाराच्या कडेने येत असेल, तर दाराभोवतीची रबरी पट्टी तपासावी. तीत अन्नकण अडकले असल्यास पुसून काढावेत. ती चिरली असल्यास बदलावी. पाण्याबरोबर पुष्कळ फेस आल्यास साबण चुकला असे समजावे. हाताने भांडी घासण्याचा साबण येथे उपयोगी नाही. फवाऱ्यांमुळे त्याचा फेस वाढून दारातून बाहेर पडतो. यंत्र पुढे कललेले असले, तरीही पाणी दाराकडे लोटते.

पाणी मागील बाजूस असेल, तर नळ्यांचे जोड पाहावेत. यंत्र थांबलेले असून नळ मात्र सुरू असताना थेंब पडत असतील, तर पाणी आणणारी नळी किंवा तिचा जोड सदोष असतो. केवळ पाणी बाहेर पडताना गळती झाल्यास निचऱ्याच्या नळीकडे लक्ष द्यावे. आतील पंप व झडपा यांचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

लक्षणावरून कारण शोधणे ही शास्त्राची रीत होय. ती प्रयोगशाळेइतकीच स्वयंपाकघरातही उपयोगी पडते.